बोटं सुजलीत: झीज की आमवात?

ग्वाल्हेरची थंडी पडली की लष्कर भागातल्या मराठी घरांत बोटांच्या सुजेचं खापर गार पाण्यावर फुटतं. गारठ्याने बोटं आखडतात हे खरं, पण सहा आठवडे उलटले तरी सूज हटत नसेल तर पाणी तापवून भागायचं नाही. गल्लत होते ती बहुधा दोन आजारांत: सांध्यांची झीज आणि आमवात, म्हणजे रूमॅटॉइड संधिवात, ज्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते.

आधी सूज कुठे आहे ते बघा. झिजेत नखाजवळच्या सांध्यावर, कधी मधल्या पेरावर टणक गाठी येतात. अंगठ्याचं मूळ दुखतं, बरणीचं झाकण फिरवताना कळ येते. आमवात नखाजवळचा सांधा सहसा सोडून देतो. तो धरतो मनगट, बोटांची मुळं आणि मधले सांधे, तेही बहुतेक वेळा दोन्ही हातांचे. ही सूज बोटाने चाचपली तर मुरलेल्या कणकेसारखी मऊ लागते, आणि कुणी प्रेमाने हात दाबला तरी जीव कळवळतो.

मग सकाळ. झीज असली तर अर्ध्या तासाच्या आत बोटं मोकळी होतात आणि दिवसभराच्या कामानंतर ठणकतात. आमवातात तास-तास मूठ वळत नाही, हालचाल केल्यावर उलट बरं वाटतं. सोबत विनाकारण थकवा.

लोक आधी युरिक ॲसिड तपासून घेतात. ते गाऊटच्या, म्हणजे युरिक ॲसिड सांध्यात साचून होणाऱ्या दुखण्याच्या, कामाचं. आर. ए. फॅक्टर ही आमवाताची रक्तचाचणी; तो निगेटिव्ह आला तरी आमवात असू शकतो, आणि म्हाताऱ्या माणसांत तो आजाराविनाही पॉझिटिव्ह येतो. अँटी-सीसीपी ही दुसरी रक्तचाचणी जास्त भरवशाची. आमवाताच्या सुरुवातीला एक्स-रे अगदी स्वच्छ येऊ शकतो, त्यावर निश्चिंत होऊ नये.

दोघांखेरीज चकवणारेही आहेत. चिकुनगुनियानंतर सांधे महिनोन् महिने सुजलेले राहतात. सोरायसिसचा (त्वचेवर खवले आणणाऱ्या आजाराचा) संधिवात नखाजवळचा सांधाही धरतो. नखांवर टोचल्यासारखे खड्डे दिसले तर डॉक्टरांना दाखवाच.

झिजेला शेक, बोटांचे व्यायाम, मलम, अंगठ्याला पट्टा यांनी बराच आराम पडतो. आमवातात मात्र वेळ घालवणं महागात जातं, कारण हाडं कुरतडली गेली की ती भरून येत नाहीत. पहिल्या काही महिन्यांतच संधिवाततज्ज्ञ गाठावा. ते बहुधा मेथोट्रेक्सेट हे आमवात आटोक्यात ठेवणारं औषध देतील. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून वार ठरवून कॅलेंडरवर लिहून ठेवा.