मावशीची बाज

३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेश विसर्जन करून गाव निजलेले असताना, पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला आणि दगड-मातीच्या जाड भिंतींची माळवदाची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. माझी मावशी त्या ढिगाऱ्यातून वाचली. पुनर्वसनात पक्के घर मिळाल्यावरही ती कित्येक वर्षे अंगणातच बाजेवर झोपत असे. रस्त्याने ट्रॅक्टर गेला आणि मांडणीवरची भांडी थरथरली, की पिठाचे हात तसेच घेऊन ती बाहेर धावे. "मावशे, झालं गेलं इसर की आता," असे आम्ही म्हणत राहिलो, आणि तिथेच आमचे चुकले.

विसरणे तिच्या हातात नव्हते. जिवावरच्या प्रसंगात मेंदूतील अमिग्डाला हा धोक्याची सूचना देणारा भाग अतिशय तीव्रतेने काम करतो, तर आठवणीला स्थळ-काळाची जोड देणाऱ्या हिप्पोकॅम्पसचे काम विस्कळीत होते, असे संशोधक मानतात. त्यामुळे भांडे थरथरताच जुना प्रसंग आठवत नाही, तर तो पुन्हा घडू लागतो. वाचलेल्या प्रत्येकाला असे होत नाही. मात्र दुःस्वप्ने, दचकणे, आठवण करून देणाऱ्या गोष्टी टाळणे ही लक्षणे महिन्याहून अधिक काळ टिकून रोजचे जगणे अडू लागले, तर आघातोत्तर ताणविकाराची शक्यता असते. १९८० साली अमेरिकी मानसोपचार वर्गीकरणात या विकाराला स्वतंत्र स्थान मिळाले.

घरच्यांनी काय करावे? दुःस्वप्नातून ओरडत उठलेल्या माणसाला गदागदा हलवू नये. दिवा लावून, थोडे दूर उभे राहून, नावाने हाक मारावी आणि आज कोणता वार आहे, आपण कुठे आहोत, हे शांतपणे सांगावे. तो बोलेल तेव्हा ऐकावे, खोदून विचारू नये.

याहून अवघड गोष्ट मला उशिरा कळली. मावशी घाबरू नये म्हणून आम्ही मांडणीच हलवली, घरातील एकेकाने अंगणात अंथरूण घातले; पण टाळलेली प्रत्येक गोष्ट भीतीला खरी ठरवत जाते. म्हणून तिला बळेच आत ढकलणेही नको आणि सारे तिच्यापासून दूर ठेवणेही नको. आघातावर केंद्रित मानसोपचारात प्रशिक्षित तज्ज्ञ ही भीती टप्प्याटप्प्याने उतरवतात. काहींना औषधांचाही उपयोग होतो. शासनाच्या टेलि-मानस या फोनवरून मानसिक आधार देणाऱ्या सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, आणि जीव देण्याची भाषा निघाली तर मुळीच वाट पाहू नये.

समुपदेशकांच्या सल्ल्याने मावशीची बाज आधी ओसरीवर आली, मग कित्येक आठवड्यांनी उंबऱ्याच्या आत, दार सताड उघडे ठेवून.