शेअर केलेल्या फोल्डरच्या पासवर्डची पार्श्वभूमी

बेळगावच्या उद्यमबागेत यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत ड्रॉइंग एका संगणकावर असतात आणि ती बाकीच्या मशीनवर उघडली जातात. खडेबाजारात लग्नपत्रिका जुळवणाऱ्यांकडे मराठीसाठी श्रीलिपी एका मशीनवर, कन्नडसाठी नुडी दुसऱ्यावर, आणि मजकूर मात्र दोघांच्या मधल्या एकाच फोल्डरमध्ये असतो. अशा ठिकाणी हमखास सांगितले जाते, "तेवढ्या या फोल्डरला पासवर्ड लावून द्या." मागणी साधी आणि रास्त आहे, पण आजचे विंडोज ती जशीच्या तशी पुरी करू शकत नाही. एकेकाळी मात्र ते नेमके हेच करत असे.

नेटवर्कवरून फाइल मागण्या-देण्याची एसएमबी ही पद्धत 1983 च्या सुमारास आयबीएममध्ये बॅरी फायगेनबॉम यांनी आखली आणि पुढे मायक्रोसॉफ्टने ती वाढवली. ऑक्टोबर 1992 मधले विंडोज फॉर वर्कग्रुप्स आणि त्यानंतरचे विंडोज 95 यांत पासवर्ड फोल्डरलाच लागत असे. एक पासवर्ड फक्त वाचण्यासाठी, दुसरा वाचण्या-लिहिण्यासाठी. पहिला ऑपरेटरला सांगायचा, दुसरा मालकाने स्वतःकडे ठेवायचा. किल्ली ज्याच्या हाती, कोठी त्याची, हा व्यवहार दुकानदारांना समजावून सांगावा लागत नव्हता. त्यातली उणीवही किल्लीचीच होती, कारण नोकरी सोडून गेलेला माणूस पासवर्ड डोक्यात घेऊन जाई, आणि फाइल कोणी पुसली हे शोधायला काही मार्ग नसे. शिवाय कुलूपही कच्चे निघाले. किती अक्षरे ताडून पाहायची हे समोरचे मशीनच ठरवू शकत असल्यामुळे पासवर्डचे पहिले अक्षर जुळले तरी फोल्डर उघडत असे. विंडोज 95, 98 आणि मिलेनियम (Me) यांतला हा दोष मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर 2000 मध्ये दुरुस्त केला.

दुसरी परंपरा 1993 च्या विंडोज एनटीची. तिथे आधी माणसाची ओळख, म्हणजे युझरनेम आणि त्याचा पासवर्ड, आणि मग त्या नावाला कोणता फोल्डर मोकळा आहे ते पाहणे. ऑस्ट्रेलियात अँड्र्यू ट्रिजेल यांनी सुरू केलेल्या सांबाने, म्हणजे लिनक्ससारख्या मशीनवरून विंडोजला फाइल देणाऱ्या प्रोग्रामने, बरीच वर्षे दोन्ही पद्धती सांभाळल्या, पण 2012 च्या चौथ्या आवृत्तीत फोल्डरची किल्ली काढून टाकली.

घराघरांत ही परंपरा 2001 च्या विंडोज एक्सपीबरोबर आली, पण अर्धवट. एक्सपीची होम आवृत्ती नेटवर्कवरून येणाऱ्या प्रत्येकाला पाहुणा समजून आत घेई. त्याच वेळी आणखी एक नियम आला: ज्या खात्याला पासवर्ड नाही, त्या खात्याने मशीनसमोर बसूनच काम करायचे, नेटवर्कवरून नाही. हा नियम आजही लागू आहे आणि सर्वांत जास्त गोंधळ त्यानेच होतो. खानापूरच्या एका कार्यालयात मी तो पाहिला. शेजारच्या मशीनवर पासवर्डची चौकट येत होती, आणि मुख्य मशीनला पासवर्डच नसल्याने तिथल्या ताई दोन दिवस ती रिकामी ठेवून ओके दाबत होत्या. शेवटी कोणीतरी विंडोज व्हिस्टापासून मिळालेले 'पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग', म्हणजे नेटवर्कवरून येणाऱ्याला पासवर्ड विचारणारे सेटिंग, बंद केले, आणि पक्षकारांची कागदपत्रे त्या वायफायवर येणाऱ्या कोणालाही उघडता येऊ लागली. इतक्या सहज हाताशी असलेल्या त्या बटणाविषयी मला खरोखर काळजी वाटते. विंडोज 7 मधल्या होमग्रुपने साऱ्या घराला एकच पासवर्ड देऊन पाहिला, पण 2018 मध्ये तोही काढला गेला.

मे 2017 मध्ये पसरलेल्या वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसने जुन्या एसएमबी 1 मधल्या अशा भोकाचा उपयोग केला की जिथे फोल्डरला पासवर्ड असणे-नसणे सारखेच होते. त्याची दुरुस्ती मार्चमध्येच आलेली होती. त्याच वर्षीच्या शरद ऋतूतल्या विंडोज 10 पासून एसएमबी 1 नव्या मशीनवर आपोआप बसवणे थांबू लागले, आणि 2024 च्या विंडोज 11 च्या 24एच2 आवृत्तीने 'प्रो' प्रकारातही पाहुणा म्हणून दुसऱ्या मशीनवर जाणे मुळातच बंद ठेवले. स्कॅन करून थेट फोल्डरमध्ये टाकणारी जुनी झेरॉक्स मशीन अलीकडे अडतात, त्यामागे पुष्कळदा एसएमबी 1 बंद असणे हे कारण असते.

खानापूरला मग मुख्य मशीनवर तीन माणसांची तीन खाती उघडली, प्रत्येकाला वेगळा पासवर्ड दिला आणि फोल्डरच्या शेअरिंगमधून 'एव्हरीवन', म्हणजे 'सर्वजण', हे नाव काढून टाकले.