म्हातारी नेमक्या कोणत्या भोपळ्यात बसली?

उन्हाळ्याच्या सुट्टीत नाशिकमधल्या गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीत आठ-दहा वर्षांच्या मुलांबरोबर मी गोष्टी वाचते. यंदा एका पालकांनी विचारलं, "परीकथा कशाला? त्यापेक्षा विज्ञान शिकवा ना." हा लेख त्यांच्यासाठी.

मुलांना मी एकच काम दिलं होतं. 'चल रे भोपळ्या टुणूक टुणूक' ही गोष्ट घरच्या मोठ्या माणसाकडून ऐकायची आणि आहे तशी लिहून आणायची. पाच गोष्टी आल्या. निफाडच्या आजीच्या गोष्टीत वाघ आणि कोल्हा होते, कळवणच्या आजीच्या गोष्टीत लांडगा आणि अस्वल. ओझरहून येणाऱ्या, घरी बांगला बोलणाऱ्या मुलीच्या गोष्टीत म्हातारी 'लाऊ'मध्ये बसून येते आणि शेवटी तिचे दोन कुत्रे तिला वाचवतात. आम्ही फळ्यावर तक्ता मांडला. अस्वल आहे? असेल तर 1, नसेल तर 0. कुत्रे आहेत? 1 किंवा 0.

जीवशास्त्रज्ञ प्राण्यांचा वंशवृक्ष काढतात तो असाच. इंग्लंडमधल्या डरहॅम विद्यापीठातले मानववंशशास्त्रज्ञ जेमी तेहरानी यांनी 2013 साली हीच पद्धत लाल टोपीवाल्या मुलीच्या ('लिटल रेड रायडिंग हूड') गोष्टीला लावली. त्यांनी 58 रूपं घेतली आणि 72 खुणा तपासल्या. लाल टोपीवालीची गोष्ट आणि शेळीच्या करडांना फसवणाऱ्या लांडग्याची गोष्ट या दोन वेगळ्या फांद्या निघाल्या. चीन-जपानकडच्या, आजीचं सोंग घेणाऱ्या वाघाच्या गोष्टींत मात्र या दोन्हींची सरमिसळ दिसली.

यातला मला सर्वात आवडणारा भाग म्हणजे कोणती खूण कामाची हे ठरवणं. "लेकीकडे जाईन, तूप-रोटी खाईन, जाडजूड होईन, मग मला खा" हे आमच्या पाचही गोष्टींत होतं, म्हणून वृक्षासाठी निरुपयोगी. मांजर, वाघ आणि बेडूक तिघांनाही पाठीचा कणा असतो. त्यावरून मांजर वाघाच्या जवळचं हे कळत नाही. दोन कुत्रे एकाच गोष्टीत, म्हणून तेही कुणाला कुणाशी जोडत नाहीत. काहींत आहे आणि काहींत नाही, शिवाय नंतर नव्यानं आलेली आहे, अशीच खूण फांदी दाखवते. आता पाच गोष्टींचे, मूळ धरून, दर फाट्याला दोनच फांद्या फुटणारे वृक्ष किती? 105. दहा गोष्टींचे? 3,44,59,425. यांतून कमीत कमी बदलांत तक्ता समजावणारा वृक्ष शोधायचा. म्हणून संगणक लागतो. त्यातही एकच खूण दोन फांद्यांवर स्वतंत्रपणे उगवू शकते, किंवा शेजारच्या गोष्टीतून उसनी येऊ शकते. प्राण्यांत अशी उसनवारी फार थोडी असते, गोष्टींत भरपूर.

कारण गोष्टी भाषेच्या सीमा सहज ओलांडतात. इराणातली म्हातारीही लेकीकडेच जाते, तिला लांडगा, बिबळ्या आणि सिंह भेटतात, आणि ती 'कदू'मध्ये, म्हणजे भोपळ्यात, बसून घरंगळत परतते. पंजाबात 19व्या शतकात नोंदलेल्या गोष्टीत म्हातारीच्या जागी कोकरू आहे आणि भोपळ्याच्या जागी ढोलकं. मग मूळ गोष्ट कुणाची? जगातल्या सगळ्या गोष्टी भारतातूनच गेल्या, असा संदेश मोबाइलवर वर्षातून दोनदा तरी येतो. युरोपातल्या बहुतेक कथा भारतातून आल्या असं जर्मन पंडित थिओडोर बेन्फाय यांनी 1859 मध्येच मांडलं होतं. पंचतंत्राच्या प्रवासाचे भक्कम लेखी पुरावे आहेत, पण सगळ्याच कथांना तो नियम लावता आला नाही. मुलांना अभिमान जरूर द्यावा, पण पुरावा मागायची सवय आधी.

आणि पुरावा कधी कधी भाजीत सापडतो. चित्रांच्या पुस्तकांत म्हातारी तांबड्या भोपळ्यात बसलेली असते. तांबडा भोपळा मूळचा अमेरिका खंडातला. 1492 मध्ये कोलंबस तिकडे पोचला, त्याआधी तो भारतात कुणी पाहिलेलाच नव्हता. बंगालचा लाऊ म्हणजे दुध्या भोपळा. तो मूळचा आफ्रिकेतला, पण आशियात हजारो वर्षांपासून आहे. वाळला की त्याची साल लाकडासारखी टणक होते, आत पोकळी राहते. तंबोऱ्याचा भोपळा तो हाच. तो पाण्यावर इतका तरंगतो की एका प्रयोगात समुद्राच्या पाण्यात सात महिन्यांहून जास्त काळ राहिलेल्या फळांतलं बीसुद्धा रुजलं. गोष्ट 1492 च्या आधीची असेल, तर म्हातारी दुध्यातच बसली असणार. पुढे 'भोपळा' हा शब्द तोच राहिला आणि त्याखालचं फळ बदललं. यावरून गोष्टीचं वय ठरत नाही. तिच्यात बदल कसा शिरतो, ते मात्र दिसतं.

पुढच्या रविवारी मुलांनी पाचही घरी विचारलं, भोपळा कोणता? बांगला घराचं उत्तर गोष्टीतच होतं, लाऊ. बाकी चारपैकी तीन घरांतून उत्तर आलं, तांबडा. कळवणच्या आजी फोनवर म्हणाल्या, "दुध्या गं, वाळका. तोच पाठीला बांधून आम्ही विहिरीत पोहायला शिकलो." मुलांनी तक्त्यात एक नवा रकाना आखला.