मानेतला लपलेला स्नायू

परवा फिजिओथेरपीच्या दवाखान्यात दुखऱ्या मानेवर लावायची रंगीत चिकटपट्टी, म्हणजे किनेसिओ टेप, निघाली तेव्हा शेजारच्या खुर्चीवरच्या काकू म्हणाल्या, "निळी पट्टी नको हो, ती थंड पडते. गुलाबी लावा." रंगाने तसूभरही फरक पडत नाही. कापड तेच, गोंद तोच.

केंझो कासे या जपानी कायरोप्रॅक्टरने (मणके-सांध्यांवर हाताने उपचार करणाऱ्याने) ही ताणली जाणारी पट्टी १९७० च्या दशकात काढली. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये ती जगाने पाहिली. ती त्वचा उचलते, खाली रक्त खेळतं, असं सांगतात. पण चाचण्यांमध्ये ताण न देता नुसती चिकटवलेली पट्टीही बहुधा तितकाच आराम देते. ठेच लागली की आपण चोळतो, तसा हा स्पर्शाचा परिणाम असावा. काही दिवसांचा.

खरी गंमत आत आहे. साडेचार-पाच किलोचं डोकं सात मणक्यांवर तोललेलं असतं. अन्ननलिकेच्या मागे, मणक्यांना पुढून चिकटून 'लाँगस कोलाय' नावाचा बारीक स्नायू असतो. तो मणक्यांना आतून सावरतो. कानामागून कॉलरबोनकडे उतरणारा जाडजूड स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइड मोठ्या हालचालींचा गडी. पण लाँगस कोलाय इतका खोल, की त्याचे विद्युतसंकेत मोजायचे कसे? ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात डेबोरा फाला, ग्वेन जल आणि सहकाऱ्यांनी नाकातून इलेक्ट्रोड (संकेत टिपणारी तार) घालून तो घशाच्या मागच्या भिंतीला चिकटवला! २००४ साली निष्कर्ष छापून आला: मान दुखणाऱ्यांमध्ये खोल स्नायूंचं काम कमी पडतं. वरच्या स्नायूंवर मात्र जास्त भार येतो.

म्हणून जोर लावून मान गरागरा फिरवण्यापेक्षा खोल स्नायूला जागं करणारा व्यायाम मला मोलाचा वाटतो. जल यांच्या चाचणीत मानेखाली हवेची छोटी पिशवी ठेवतात, दाब २० मिमी पारा. मान किंचित लववत तो दोन-दोनने ३० पर्यंत न्यायचा, प्रत्येक पायरीवर १० सेकंद थांबायचं.

घरी पिशवी नसली तरी चालतं. हातात मुंग्या किंवा अशक्तपणा असेल, चालताना तोल जात असेल, पडल्यावर दुखणं सुरू झालं असेल, तर मात्र आधी डॉक्टर. एरवी उताणं झोपा, मानेखाली घडी घातलेला पंचा घ्या. डोकं न उचलता, नुसतं "हो" म्हणावं तशी हनुवटी हलकेच खाली आणा. १० सेकंद, दहा वेळा. दोन बोटं गळ्याच्या बाजूला ठेवा. तिथला दोरीसारखा वरचा स्नायू टणक झाला, तर जोर जास्त झाला. थोडं सोडा, पुन्हा करा.