पॉईंट झिरो फाइव्हची तार आणि शेवटच्या खांबावरचे व्होल्ट

लांब ओव्हरहेड लाईनवर व्होल्टेज किती पडतं याचं सूत्र आयटीआयच्या पोरालाही पाठ असतं. त्यामुळे ओहमपासून सुरुवात करत नाही. १८९१ साली लाउफेनहून फ्रँकफर्टपर्यंत सुमारे १७५ किलोमीटर वीज नेली गेली, १९०२ मध्ये शिवनसमुद्रची वीज कोलारच्या सोन्याच्या खाणीत पोचली. दाब वाढवला की करंट घटतो आणि लाईनमधला ड्रॉपही घटतो, हे तेव्हापासून सगळ्यांना माहीत आहे. प्रश्न उरला तो डीपीपासून, म्हणजे खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरपासून, विहिरीपर्यंतच्या शेवटच्या तुकड्याचा. महाराष्ट्रात तो पेटला १९७० नंतर, कृषिपंपांच्या जोडण्या धडाक्यानं दिल्या जाऊ लागल्या तेव्हा.

त्या काळच्या हिशेबात सगळ्यात घोळ घातला तो तारेच्या नावानं. जुन्या वायरमनला विचारा, तो ‘पॉईंट झिरो फाइव्ह’ किंवा ‘पॉईंट वन’ म्हणेल. कागदावर त्याच तारा ‘रॅबिट’ आणि ‘डॉग’ असतात. ही प्राण्यांची नावं ब्रिटिश मानकातून आली. स्टीलचा गाभा असलेल्या तारांना ससा, कुत्रा, खार. नुसत्या ॲल्युमिनियमच्या तारांना मुंगी आणि गांधीलमाशी. नाव ठेवणाऱ्याला गंमत सुचली असावी.

पण ०.०५ म्हणजे नेमकं काय? ते ॲल्युमिनियमचं माप नाही आणि मिलिमीटरमधलंही नाही. तेवढाच रोध असलेल्या तांब्याच्या तारेचं ते चौरस इंचातलं क्षेत्रफळ. ०.०५ चौरस इंच म्हणजे ३२ चौरस मिलिमीटर तांबं. ॲल्युमिनियम तितकं चांगलं वाहक नसल्यानं त्याच कामाला सुमारे १.६ पट क्षेत्रफळ लागतं, म्हणून रॅबिटमधलं ॲल्युमिनियम ५० चौरस मिलिमीटरच्या घरात जातं. आता योगायोग बघा. एक चौरस इंच म्हणजे ६४५ चौरस मिलिमीटर, त्याला १.६ नं गुणलं की हजाराच्या जवळ. म्हणून ०.०२ ची तार २० ची, ०.०३ ची ३० ची, ०.०५ ची ५० ची आणि ०.१ ची १०० ची! आकडे इतके चपखल बसले की पुष्कळांना पॉईंट झिरो फाइव्ह हे ५० चौरस मिलिमीटरचंच बोलीतलं नाव वाटतं. मेट्रिक मापांचा कायदा १९५६ चा, तारेचं नाव मात्र इंचातच राहिलं, तेही तांब्याच्या.

हे नुसतं शब्दांचं खेळणं नव्हतं. रॅबिटचा रोध २० अंशांना किलोमीटरमागे ०.५५ ओहम. कोष्टकातले ‘नाममात्र तांबे ३२’ उचलून त्याला ॲल्युमिनियमची रोधकता लावली तर उत्तर येतं ०.८८. उलट ५० ला तांब्याची रोधकता लावली तर ०.३५ च्याही खाली. एक किलोमीटर लाईनवर सारख्या अंतरानं पाच-पाच एचपीचे दहा पंप घ्या, प्रत्येकी साडेसात अँपिअर, पॉवर फॅक्टर ०.८, तारेचा रिॲक्टन्स (एसी करंटला रोधाखेरीज होणारा अडथळा) किलोमीटरमागे ०.३ ओहमच्या आसपास. शेवटच्या पंपापर्यंतचा ड्रॉप खऱ्या रोधानं ४४ व्होल्ट निघतो, पहिल्या चुकीनं ६३ आणि दुसऱ्या चुकीनं ३३. पहिली चूक खर्च वाढवते म्हणून लगेच पकडली जाते. दुसरी अंदाजपत्रक स्वस्त करते.

पुढचा वाद वजाबाकी कुठून सुरू करायची याचा. डीपीची दुय्यम बाजू ४३३ व्होल्टची, मोटरच्या पाटीवर ४१५, आणि शेतकरी म्हणतो ४४०. ४३३ हा आकडा बिनभाराचा आहे. वरचे अठरा व्होल्ट ट्रान्सफॉर्मरच्या स्वतःच्या ड्रॉपसाठी राखलेले, लाईनला वाटायला दिलेले नव्हेत. ४३३ मधून ४४ वजा केले की ३८९ उरतात, म्हणजे १९५६ च्या वीज नियमांतल्या ६ टक्क्यांच्या मर्यादेला, ३९० ला, जवळजवळ चिकटून. कागद पास व्हायला तेवढं पुरतं. पण ६३ केव्हीएची डीपी त्या भाराला आपल्या पोटातच पंधराएक व्होल्ट खाते. ते धरले तर शेवटच्या विहिरीवर ३७४.

आणि हे दहाही पंप एकाच वेळी चालतात असं धरून. नियोजनात तसं धरत नसत. सगळे एकदम चालत नाहीत, म्हणून एक गुणक लावून भार कमी करून लिहायचा. चोवीस तास वीज असती तर ते बरोबरही ठरलं असतं. पण शेतीला थ्री फेज आठ-दहा तासच, पाळीपाळीनं मिळू लागली. वीज आली की ऑटो स्विच खटाखट पडतात आणि अख्खी लाईन एका मिनिटात उठते. आकडे टाकून वीज घेणाऱ्यांवर सगळं खापर फोडायची पद्धत आहे. त्यांचा वाटा आहेच, पण पाळीपत्रकानं तो गुणक मोडला याची चर्चा फार कमी झाली.

शेवटच्या खांबावर ते डोळ्यांनी दिसायचं. स्टार्टरच्या पेटीवरचा व्होल्टमीटर ३८० दाखवतोय, शेजारच्यानं बटण दाबलं की काटा ३४० वर आणि आपली मोटर घों घों करायला लागते, पाणी उचलत नाही. दाब पडला की मोटर करंट जास्त ओढते, त्यानं दाब आणखी पडतो. स्थिर करंट धरून केलेल्या हिशेबात हे चक्र येतच नाही. त्यामुळे शेवटचा माणूस रात्री दोनला उठून पाणी धरायचा, आणि रिवाइंडिंगवाल्याला सीझनभर काम असायचं. दाब सावरायला कपॅसिटर बसवले गेले, जळाले, ते पुन्हा कुणी लावले नाहीत.

लघुदाब लाईन आखूड करून ११ केव्हीच बांधापर्यंत न्यायचा मार्ग राज्यात २०१८ मध्ये नव्या पंपांसाठी मोठ्या प्रमाणावर धरला गेला: एकदोन ग्राहकांना एक छोटी डीपी. ४१५ ऐवजी ११,००० व्होल्टवर तीच वीज नेली की करंट साडेसव्वीस पटीनं कमी, आणि तारेतला टक्केवारीतला ड्रॉप सातशेपट कमी. खर्च मात्र डीपीमागे डीपी वाढत जातो, त्यामुळे जुन्या लाईनींच्या वाट्याला हे क्वचितच आलं. तिथं खांबांवर अजून पॉईंट झिरो थ्रीच आहे. आणि सौर पंप घेतलेल्याच्या शेतात लाईनच नाही. तिथं ड्रॉप मोजायचा तो पॅनेलपासून मोटरपर्यंतच्या केबलचा.