बिस्त्रो

बिस्त्रो : फ्रान्समधलं, त्यातही मुख्यतः पॅरिसमधलं, जेवायचं आणि वाइन प्यायचं छोटं ठिकाण. दहा-पंधरा टेबलं, एक काउंटर, काउंटरमागे मालक नाहीतर मालकीण, आणि आज काय केलंय ते खडूने लिहिलेली पाटी, एवढं असलं की लोक त्याला बिस्त्रो म्हणतात. रेस्टॉरंट आणि बिस्त्रो यांच्यामधे पक्की रेघ मारणारा कायदा नाही, वापरानेच फरक ठरत आलाय. फ्रेंचमधे हा शब्द शेवटी त लावून आणि न लावता असा दोन्ही प्रकारे लिहितात पण तो त बोलत नाहीत. आपल्याकडे दुकानांच्या पाट्यांवर बिस्ट्रो लिहिलेलं दिसतं, मूळ उच्चाराला बिस्त्रो जास्त जवळचं म्हणून इथे तेच घेतलंय.

शब्द आला कुठून यावर बरीच भांडणं आहेत. सगळ्यात लाडकी गोष्ट अशी की मार्च १८१४ च्या शेवटी नेपोलियनविरुद्धच्या दोस्त फौजा पॅरिसपर्यंत आल्या, मोंमार्त्रच्या टेकडीवर लढाई झाली, आणि तिथल्या दारूच्या दुकानांत शिरलेले रशियन कोसॅक सैनिक काउंटरवर हात आपटून ‘बीस्त्रो, बीस्त्रो’ म्हणजे ‘लवकर, लवकर’ असं ओरडायचे, त्यावरून दुकानाचंच नाव बिस्त्रो पडलं. मोंमार्त्रच्या प्लास द्यू तेर्त्र या चौकात ‘ला मेर कातरीन’ नावाचं जुनं रेस्टॉरंट आहे, त्याच्या भिंतीवर ३० मार्च १८१४ ही तारीख घालून याच गोष्टीची पाटी लावलीय. पाटी बघून लोकांना वाटतं की हा पुरावाच झाला, पण ती त्या घटनेच्या १८० व्या वर्षाची म्हणून लावलेली आहे, म्हणजे अगदी अलीकडची, त्या काळातली नाही.

अडचण तारखांची आहे. फ्रेंच शब्दकोशकार या शब्दाची सगळ्यात जुनी लेखी नोंद साधारण १८८४ ची धरतात, ती पॅरिसच्या ला रोकेत तुरुंगात पाद्री असलेल्या आबे मोरो यांच्या आठवणींच्या पुस्तकातली. १८१४ आणि १८८४ मधे सत्तर वर्षं जातात. शब्द तोंडी असेल, लिहिला गेला नसेल, असं म्हणता येतं, आणि बोलीतल्या शब्दांचं तसं होतंही. पण १९ व्या शतकात पॅरिसच्या गल्लीतली भाषा गोळा करणारे लोक काही कमी नव्हते, दारूच्या दुकानाला आणि दुकानदाराला असलेली डझनभर नावं त्यांनी टिपून ठेवलीत, आणि एवढा चटपटीत शब्द तेवढा त्यांच्या हातून निसटावा हे पटायला जड जातं. दुसरा मुद्दा उच्चाराचा. रशियनमधे या शब्दाचा जोर पहिल्या अक्षरावर असतो आणि शेवटचा ओ जोर नसल्यामुळे जवळजवळ अ सारखा ऐकू येतो, दॉन नदीकडच्या कोसॅकांच्या दक्षिणी बोलीत तर हे नक्कीच, म्हणजे फ्रेंच कानाला ‘बीस्त्र’ किंवा ‘बीस्त्रा’ असं काहीतरी ऐकू आलं असतं. हा मुद्दा एकटा निर्णायक नाही, परकीय शब्द घेताना माणसं शेवट आपल्या सोयीने बदलतातच. पण सत्तर वर्षांच्या शांततेला हा जोडला की कोसॅकांची बाजू बरीच लंगडी होते.

मग उरलेले दावेदार कोण? फ्रान्सच्या उत्तरेकडच्या भागात ‘बिस्तूय’ म्हणजे दारू घातलेली कॉफी, तिच्यावरून हे नाव आलं असं काही जण म्हणतात, ध्वनी जवळचा आहे, अर्थही दारूच्या दुकानाच्या आसपासचा आहे. कोणी ‘बिस्तिंगो’ या हलक्या गुत्त्यासाठीच्या जुन्या शब्दाकडे बोट दाखवतात. तिसरी बाजू पश्चिमेकडच्या प्वातू भागातल्या ‘बिस्त्रो’ या बोलीतल्या शब्दाची. तो लिहायचा वेगळ्या स्पेलिंगने, अर्थ हलकी कामं करणारा पोऱ्या किंवा चाकर, आणि त्यावरून वाइनवाल्याच्या हाताखालचा माणूस आणि पुढे वाइनवालाच असा प्रवास झाला असावा असं हे अभ्यासक मांडतात. शंभर टक्के सिद्ध यातलं काहीच नाही. तरी ही तिसरी बाजू जास्त पटते आणि त्याचं कारण शब्दाच्या पहिल्या अर्थात आहे. सुरुवातीला बिस्त्रो म्हणजे दुकान नव्हतंच, दुकान चालवणारा माणूस होता. ‘बिस्त्रोकडे चाललोय’ म्हणजे त्या वाइनवाल्याकडे चाललोय. मालकिणीला ‘बिस्त्रोत’ असं वेगळं स्त्रीलिंगी रूपही होतं. माणसाचं नाव दुकानाला चिकटणं ही त्या धंद्यातली जुनीच चाल, कारण वाइनवाल्याचंच आणखी एक नाव ‘मास्त्रोके’ होतं, तेही आधी माणसाचं आणि मग जागेचं झालं आणि आता त्याचं आखूड रूप ‘त्रोके’ म्हणजे कोपऱ्यावरचा छोटा बार. सैनिकांच्या घाईवरून आलेला शब्द थेट माणसाला का लागावा हे कोसॅकांच्या गोष्टीतून कळत नाही, चाकर या अर्थाच्या शब्दातून ते सहज कळतं.

बिस्त्रो चालवणारी ही माणसं बहुतेक ओव्हेर्न्य आणि शेजारच्या आव्हेरों या मध्य फ्रान्समधल्या डोंगराळ, गरीब भागातून पॅरिसला आलेली. आधी ती पाणक्याचं काम करत, बादल्या खांद्यावर घेऊन चौथ्या-पाचव्या मजल्यापर्यंत पाणी चढवायचं. १९ व्या शतकाच्या उत्तरार्धात घरोघरी नळ येत गेले तसं ते काम संपत गेलं आणि ही मंडळी लाकूड-कोळशाकडे वळली. कोळसेवाला आणि ओव्हेर्न्यवाला या दोन शब्दांची मोळी बांधून त्यांना ‘बून्या’ हे नाव पडलं. दुकानावर ‘वाइन आणि कोळसा’ अशी पाटी, नवरा गोणी घेऊन जिने चढतोय आणि बायको काउंटरवर ग्लास भरतेय, अशी ही दुकानं. बायका गल्ला सांभाळायच्या, रांधायच्याही, पण जुन्या लिखाणात त्यांच्याबद्दल फार कमी सापडतं, नावं तर जवळजवळ नाहीतच. कोळसा गेला, वाइन राहिली, वाइनसोबत एक गरम पदार्थ आला, आणि बिस्त्रो उभा राहिला. या लोकांचं आपसात इतकं घट्ट जाळं होतं की १८८२ मधे लुई बोने यांनी ‘लोव्हेर्न्या द पारी’ हे त्यांचं स्वतंत्र वर्तमानपत्र काढलं, पुढे ब्रासरी लिप आणि काफे द फ्लोर यासारखी बडी ठिकाणंही याच मुलखातल्या माणसांच्या हातात आली. मराठी वाचकाला इथे मुंबईचे इराणी आठवतील, तेही लांबच्या कोरड्या मुलखातून आले आणि कोपऱ्यावरची दुकानं धरून बसले, दोन्हींचा एकमेकांशी संबंध मात्र काही नाही.

जवळच्या प्रकारांत गल्लत होते म्हणून थोडक्यात. रेस्टॉरंट हा शब्द ताकद परत आणणाऱ्या सूपवरून आलाय, पहिलं रेस्टॉरंट १७६५ मधे बुलांजे नावाच्या माणसाने काढलं ही गोष्ट पुस्तकांत फार फिरते पण इतिहासकार रिबेका स्पँग यांनी ती नीट तपासून १७६६ च्या सुमाराचे रोझ द शांतवाझो यांना हा मान दिला, आणि तेच ग्राह्य वाटतं. ब्रासरी म्हणजे मुळात बिअर गाळायची जागा, अल्सासकडची, मोठी, दिवसभर उघडी. बुइयों म्हणजे कामकऱ्यांसाठी स्वस्तात सूप-मांस देणारी मोठी जेवणघरं, १८५५ च्या सुमाराला द्युवाल नावाच्या खाटकाने सुरू केलेली, १८९६ चं शार्तिये अजून चालू आहे आणि तिथे बिल कागदी टेबलक्लॉथवरच पेनाने लिहितात. लियों शहरात बिस्त्रोच्याच अंगाचं ठिकाण म्हणजे बुशों, तिथे वाइन ४६ सेंटिलिटरच्या जाड बुडाच्या बाटलीत मिळते, आणि तिथल्या रांधणाऱ्या बायकांना ‘मेर’ म्हणजे आया म्हणत. त्यातल्या युजेनी ब्राझिये यांना १९३३ मधे दोन वेगवेगळ्या रेस्टॉरंटांसाठी मिशलॅं (मिशेलिन) गाइडचे तीन-तीन तारे मिळाले.

आता प्रत्यक्ष जेवण. दार उघडलं की आधी ‘बोंझूर’, हे न म्हणता सरळ टेबलाकडे गेलं तर ते उद्धट वाटतं. काउंटरला ‘झॅंक’ म्हणजे जस्त म्हणतात, बहुतेक ठिकाणी वरचा पत्रा खरं तर कथलाचा असतो पण नाव तेच राहिलंय. उभं राहून कॉफी घेतली तर भाव कमी, बसून घेतली तर जास्त, फुटपाथवरच्या खुर्चीत आणखी जास्त. पाटीला ‘आर्दवाज’ म्हणतात. ती भिंतीवर नसेल तर वेटर उचलून आणतो आणि तुमच्या टेबलाशेजारच्या रिकाम्या खुर्चीवर टेकवून उभी करतो, आणि दुपारी दीडच्या पुढे एखादा पदार्थ संपला की ओलं बोट फिरवून ती ओळ पुसून टाकतो, मागे पांढरट डाग राहतो त्यावरून काय चांगलं होतं ते कळतं. याच शब्दाचा दुसरा अर्थ उधारी. रोजच्या गिऱ्हाइकाची बाकी पूर्वी पाटीवर मांडत, आणि ‘अमक्याकडे माझी पाटी आहे’ म्हणजे त्याचे पैसे द्यायचे राहिलेत. काही जुन्या ठिकाणी रोजच्या गिऱ्हाइकांचे कापडी रुमाल ठेवायला नंबर घातलेले लाकडी खण असत, शार्तियेत ते अजून भिंतीला बघायला मिळतात, माणूस आठवडाभर तोच रुमाल वापरायचा आणि खण त्याचा असायचा.

दुपारचं जेवण साधारण बारा ते दोन आणि रात्रीचं साडेसातनंतर, मधल्या वेळात चूल बंद. ‘आंत्रे’ म्हणजे सुरुवातीचा पदार्थ, मुख्य जेवण नव्हे, अमेरिकेत जाऊन आलेल्यांची इथे हटकून चूक होते. ‘फॉर्म्यूल’ म्हणजे ठरलेल्या भावात सुरुवात आणि मुख्य पदार्थ किंवा मुख्य आणि गोड, दुपारी हेच घ्यावं, स्वयंपाकघराने सकाळी मन लावून केलेलं तेच असतं. पदार्थ ठरलेले आहेत आणि ठरलेले असण्यातच त्यांचं मोल आहे : उकडलेलं अंडं आणि मेयोनीज, व्हिनेग्रेटमधली म्हणजे तेल-व्हिनेगरमधली लीक (कांद्याच्या जातीची भाजी), वाइनमधे तासन्‌तास शिजलेलं बीफ बूर्गिन्यों, पांढऱ्या रश्श्यातलं वासराचं मांस म्हणजे ब्लांकेत, मसूर आणि खारवलेलं डुकराचं मांस, मग क्रेम कॅरामेल. स्टेक मागवला की किती भाजू असं विचारतात, आणि त्यांचं ‘आ प्वँ’ म्हणजे आपल्या हिशेबाने अजून लालच, नीट भाजलेलं हवं असेल तर ‘बियँ क्युई’ म्हणावं. ब्रेड आणि जगमधलं नळाचं पाणी यांचे वेगळे पैसे लावायचे नाहीत असा १९६७ चा सरकारी आदेश आहे. सर्व्हिस भावातच धरलेली असते, टिप म्हणून चार नाणी ठेवली तरी पुरे. बिल मागितल्याशिवाय येत नाही. हा वेटरचा निष्काळजीपणा नाही, टेबल तुमचं आहे आणि उठा म्हणून सुचवणं त्याला असभ्य वाटतं, एवढं समजून घेतलं तर जेवणाची अर्धी मजा वाढते.

१९९२ मधे ईव्ह कांदबोर्द या शेफने क्रियों या पंचतारांकित हॉटेलचं स्वयंपाकघर सोडून पॅरिसच्या १४ व्या विभागात, मध्यापासून लांब, ‘ला रेगालाद’ उघडलं. मोठ्या स्वयंपाकघरातली तयारी, पण टेबलक्लॉथचा थाट नाही आणि भाव शेजारपाजारच्यांना परवडणारा. या वळणाला २००४ मधे ‘बिस्त्रोनोमी’ हे नाव मिळालं, पत्रकार सेबास्तियँ देमोराँ यांनी दिलेलं. याच काळात दुसऱ्या बाजूने तयार पाकिटं गरम करून वाढणारी ठिकाणं वाढली, म्हणून २०१४ पासून ‘घरी केलेलं’ अशी सरकारी खूण आली, पातेल्यावर छप्पर असं तिचं चित्र आहे. आणि संख्या घटतेय. १९६० च्या सुमाराला फ्रान्समधे दोन लाख काफे-बिस्त्रो होते आणि आता चाळीस हजारांच्या आसपास उरलेत हा अंदाज वारंवार दिला जातो, मोजायच्या पद्धती वेगवेगळ्या असल्यामुळे तो ढोबळच धरावा. गावात शेवटचा बिस्त्रो बंद झाला की संध्याकाळी म्हाताऱ्या माणसाने बसावं कुठे हा खरा प्रश्न उभा राहतो, आणि तो खाण्यापेक्षा मोठा आहे. २०२४ मधे काफे-बिस्त्रोंच्या सामाजिक प्रथेला फ्रान्सच्या राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत जागा मिळाली.

मुंबई-पुण्यात पाटीवर बिस्ट्रो असलं तरी आत बहुतेक पास्ता, पिझ्झा, सँडविच आणि कॉफी असते, फ्रेंच स्वयंपाकाशी नातं असेलच असं नाही.

शाकाहारी माणसाला मूळ बिस्त्रोत जपून मागवावं लागतं. सॅलडमधे आणि मसुरात डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असतात, कांद्याच्या सूपचा आधार गोमांसाचा रस्सा असतो, आणि ‘मांस नको’ म्हटलं की मासे आणून ठेवतील, म्हणून ‘सां व्हियांद, सां प्वासों’ असं दोन्ही म्हणावं. शेळीच्या दुधाचं गरम चीज ठेवलेलं सॅलड मिळतं, अंडं चालत असेल तर ऑम्लेट. चीज विरजायला वासराच्या पोटातला रस वापरतात हे ज्यांना चालत नाही त्यांनी आधी विचारून घ्यावं. आणि ज्यांना चालतं त्यांनी आव्हेरोंवाल्यांचा बिस्त्रो शोधून ‘आलिगो’ मागवावं : उकडून कुस्करलेला बटाटा, ओब्राक पठाराकडचं ताजं चीज, लोणी, क्रीम, लसूण, हे लाकडी डावाने इतकं घोटतात की डाव वर उचलला की हातभर तार निघते आणि तुटत नाही. सोबत सॉसेज देतात, ते नको म्हणून सांगायचं.