‘बैठना’मधला ठ कुठून आला?

मराठी ‘बसणे’ आणि हिंदी ‘बैठना’ ही सख्खी भावंडं. दोघांचं मूळ संस्कृत उप + विश्. मग एकाकडे स आणि दुसऱ्याकडे ठ, असं का?

मराठीने वर्तमानकाळाचं रूप धरलं : उपविशति, प्राकृतात उवविसइ, जुन्या मराठीत बैसणे, मग बसणे. ज्ञानेश्वरीत ‘बैस’चीच रूपं भेटतात, विदर्भात तर अजून ‘बैस’ म्हणतात. हिंदीने उचललं ते उपविष्ट, म्हणजे ‘बसलेला’. प्राकृतात दोन स्वरांमधल्या प चा व झाला (दीप, दिवा), ष्ट चा ट्ठ झाला (मुष्टि, मूठ) आणि सुरुवातीचा उ गळून पडला. उवइट्ठ, बइट्ठ, बैठा. थोडक्यात, ‘बैठा’ आधीचा; त्याला ना जोडून क्रियापद नंतर घडलं. भग्न (मोडलेला) पासून ‘भागना’ असाच तयार झाला. मोडलेलं सैन्य पळणारच! प्रविष्ट पासून ‘पैठना’ आला. तो आता फारसा कानावर पडत नाही, पण बातम्यांतल्या ‘घुसपैठ’मध्ये टिकून आहे. मराठीतही बैठक, बैठी चाळ, बैठं काम यांत हा ठ आहेच.

गोंधळ होतो तो हिंदी ‘बसना’मुळे. तो वस् धातूचा, म्हणजे आपला ‘वसणे’. हिंदीत व चा ब होणं नेहमीचंच : वीस, बीस, वाट, बाट. म्हणून ‘वह पुणे में बस गया’ म्हणजे तो पुण्यात स्थायिक झाला. खुर्चीवर बसला नव्हे.

अर्थही सगळीकडे जुळत नाहीत. घसा बसला, गला बैठ गया, इथवर ठीक. पण आपल्याला धक्का ‘बसतो’, हिंदीत तो ‘लगता है’. ‘वाट बघत बसलो’चं ‘राह देखता बैठा’ केलं की बोलणारा मराठी आहे हे लगेच कळतं. हिंदीभाषक ‘राह देखता रहा’ म्हणेल.

‘बैठना’ दुसऱ्या क्रियापदाला जोडला की नको ते भरात करून टाकल्याची छटा येते : ‘वह क्या कर बैठा!’ आपलं ‘हा काय करून बसला!’ तसंच. इथे ‘ने’ लावायचा नाही. करना सकर्मक असला तरी शेवटचा बैठना अकर्मक आहे, आणि ‘ने’ येणार की नाही ते तोच ठरवतो. म्हणून ‘मैंने सच कह दिया’, पण ‘मैं सच कह बैठा’.